मालट्रकची बॅटरी : परीक्षा, बदल आणि निगा

पुणे शहर मालवाहतुकीच्या वाटेवर वसलेले आहे. मार्केट यार्डात रात्रभर भाजीपाला उतरतो, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतून कारखान्यांचा माल निघतो. मुंबईकडे बोरघाट आणि साताऱ्याकडे खंबाटकी ओलांडावा लागतो. आपल्या शाळेच्या पालकांपैकी आणि आम्हा माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा संसार याच चाकांवर चालतो. ज्याची एकच गाडी आहे आणि तिच्यावर कर्जाचा हप्ता आहे, त्याच्यासाठी पहाटे सेल्फ न लागणे म्हणजे त्या दिवसाचे भाडे बुडणे होय. अशा वेळी घाईने नवी बॅटरी घेतली जाते आणि काही दिवसांत तीही उतरते. कारण दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो. म्हणून आधी परीक्षा, मग खरेदी, हे सूत्र आम्ही येथे मांडीत आहोत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. हा दाब उत्पन्न करण्यासाठी स्टार्टरला शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. त्यासाठी मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट घेतले जातात. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरीतील पाणी आटते व पट्ट्या झिजतात; परंतु ही दुर्बलता उघडी पडते ती डिसेंबर-जानेवारीच्या गार पहाटे. बॅटरी थंडीने मेली असे आपण म्हणतो, पण तिचे खरे नुकसान उन्हाळ्यातच झालेले असते.

परीक्षा चार टप्प्यांत करावी. पहिला टप्पा : गाडी रात्रभर उभी राहिल्यावर प्रत्येक बॅटरी मल्टिमीटरने स्वतंत्र मोजावी. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. दुसरा टप्पा : झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटरने सहाही घरांतील द्रवाची घनता पाहावी. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती साधारण १.२४० ते १.२८० असते. एखाद्याच घरात ०.०५० इतका फरक दिसला आणि चार्ज करूनही तो राहिला, तर ते घर निकामी समजावे. तिसरा टप्पा : सेल्फ मारताना एकेका बॅटरीचे व्होल्ट साडेनऊच्या खाली घसरू नयेत. चौथा टप्पा : इंजिन चालू असताना जोडीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसावेत. त्याहून बरेच कमी असल्यास अल्टरनेटर, पट्टा किंवा जोडण्या तपासाव्यात. २९ च्या वर गेल्यास जास्त चार्जिंगने पाणी उडत आहे असे जाणावे. हा चौथा टप्पा वगळणाऱ्याची नवी बॅटरीही वाया जाते.

बॅटरी बदलणे अटळ ठरले, तर दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या व सारख्या अँपिअर-तासांच्या घ्याव्यात. नव्या-जुन्याच्या जोडीत एक अपुरी भरते, दुसरी अति भरते आणि दोन्ही लवकर संपतात. याच कारणाने टेप किंवा मोबाइलसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची तार काढू नये. त्यासाठी कन्व्हर्टर बसवावा. काढताना चासीला जोडलेली ऋण तार प्रथम सोडावी आणि बसवताना ती शेवटी जोडावी. म्हणजे पाना चासीला लागला तरी ठिणगी उडत नाही. सोडण्यापूर्वी तारांवर खुणा कराव्यात, कारण उलट जोडणीने अल्टरनेटर जळतो. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ बिडी, काडी वा ज्योत नको. हातमोजे व चष्मा वापरावा. आम्ल डोळ्यांत उडाल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

निगेसाठी महिन्यातून अर्धा तास पुरे आहे. पट्ट्या नेहमी बुडालेल्या असाव्यात. कमी पडल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे पाणी किंवा आम्ल नव्हे. टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी घरांत जाऊ देऊ नये. मग तेथे पेट्रोलियम जेली लावावी. क्लँप घट्ट असावा, कारण खड्ड्यांच्या हादऱ्याने पट्ट्यांवरील मसाला गळतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर कट-ऑफ स्विच बंद करावा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाचे क्षार कडक बसतात.

शेवटी जुन्या बॅटरीविषयी. तिच्यात कित्येक किलो शिसे असते आणि थोडेसे शिसेही लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. ती घराच्या अंगणात फोडू नये, आम्ल गटारात ओतू नये, चार पैसे अधिक मिळतात म्हणून वस्तीत शिसे वितळवणाऱ्याला देऊ नये. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याविषयी २००१ साली केंद्र सरकारने नियम केले आणि २०२२ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी. किमतीत वजावट मिळते. ज्या मुलांच्या शिक्षणासाठी ही गाडी धावते, त्यांच्याच अंगणात तिचे विष राहू नये.