कोलारच्या सोनखाणीवर आमचा मुक्काम

दिवाळीच्या सुट्टीत कोलार गोल्ड फील्ड्सला जायचे ठरले तेव्हा वस्तीतली पोरे नाचायलाच लागली. २०१८ सालचा 'केजीएफ' सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला! आम्ही मात्र निघालो होतो वेगळ्या कारणासाठी. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा दिली. त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी ज्या अस्पृश्य मजुरांनी बुद्धाची वाट धरली, त्यांतले कितीतरी जण कर्नाटकातल्या याच सोन्याच्या खाणीत राबत होते. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्हालाही चाळिशी उलटेपर्यंत नव्हते.

बोईसरची पाच कुटुंबे, लहानथोर सतरा माणसे आणि भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर. लॉज परवडणारे नव्हते. म्हणून दोन तंबू, दोन ताडपत्र्या, गॅसची शेगडी, तांदूळ आणि सुक्या बोंबलाचा डबा बरोबर घेतला. हिशेब आमच्याकडे, कारण बी. कॉम. झालेला माणूस म्हणजे समाजाचा जन्माचा खजिनदार. मनोरला हायवे धरला. पहिला मुक्काम कोल्हापूरजवळ, दुसरा चित्रदुर्गाच्या अलीकडे. पेट्रोल पंपाच्या मागे मोकळी जागा दिसली की मालकाला विचारायचे, संडास-पाण्याची सोय आधी पाहायची (महिला मंडळाची ही अट होती) आणि मगच तंबू ठोकायचा. बाराशे किलोमीटरच्या आसपास प्रवास झाला. माणशी खर्च चार हजारांच्या आत बसला, हे मुद्दाम सांगतो.

तिसऱ्या दिवशी बंगळुरू ओलांडून संध्याकाळी मारिकुप्पमला पोचलो. एका समाजबांधवाच्या अंगणात तंबू लागले. आपल्याकडे दिवाळीत पाऊस सरलेला असतो, तिकडे तेव्हाच ईशान्येचा पाऊस असतो, हे कुणाच्या डोक्यातच आले नाही. रात्री दोन वाजता अंथरुणाखाली पाणी! घरमालकांनी बायकामुलांना आत घेतले. त्या एवढ्याशा खोलीत अकरा माणसे झोपली. त्यांची भाषा तमिळ, आमची मराठी. 'जयभीम' एवढाच शब्द दोघांचा, पण त्यावर रात्र निघाली.

सकाळी घरातले आजोबा काठी टेकत आमच्याबरोबर निघाले. ते खाणीतले निवृत्त कामगार. त्यांचा पुतण्या बंगळुरूला नोकरीला असल्याने हिंदी बोलतो, तोच आमचा दुभाषा. खाणीच्या फाटकाला कुलूप आहे, आत सोडत नाहीत. बाहेरून उंच लोखंडी मनोरे दिसतात. त्यांवरच्या चाकांनी पाळणा खाली सोडला जाई. इथली चॅम्पियन रीफ खाण सुमारे सव्वातीन किलोमीटर खोल गेली होती. म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक उभे करा, तेवढे खाली! तळाशी खडक साठ अंशांच्या वर तापलेला. दगड फुटून माणसे दबत. दगडाची धूळ फुप्फुसात बसून ज्यांचा दम गेला, त्यांची गणती वेगळीच. खाणी १८८० पासून जॉन टेलर या इंग्रज कंपनीच्या ताब्यात होत्या. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून वीज आणली ती खाणीची यंत्रे चालवायला. साहेबांना बंगले आणि क्लब, मजुरांना चटईच्या नि पत्र्याच्या झोपड्यांच्या 'लाइनी'.

असे असताना या मजुरांनी केले काय? पंडित अयोथीदास यांनी १८९८ साली कर्नल ऑल्कॉट यांच्या मदतीने सिलोनला जाऊन बौद्ध धम्म स्वीकारला आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला. त्याच्या शाखा मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफला निघाल्या. १९०७ साली पंडितजींनी एक पैशाचे साप्ताहिक सुरू केले, त्याचे नाव पुढे 'तमिळन' झाले. १९१४ साली पंडितजी गेले, पण १९२० च्या दशकात अप्पादुराई यांनी ते साप्ताहिक याच खाणगावातून पुन्हा चालवले. इथल्या सिद्धार्थ छापखान्याने पंडितजींची पुस्तके छापली. दिवसभर दगड फोडणाऱ्यांच्या वस्तीत छापखाना! पुढे याच मतदारसंघाने रिपब्लिकन पक्षाचे सी. एम. आरुमुगम आणि एस. राजेंद्रन यांना आमदार केले.

आता पुढचा हिशेब. खोली वाढत गेली, टनामागे सोने कमी होत गेले, आणि सोने काढण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला. १९७२ पासून भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी खाणी चालवीत होती. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती बंद पडली. थकलेले पैसे आणि राहती घरे यांसाठी कामगारांनी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. गावाला सोने मिळाले नाही, सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर तेवढे मिळाले. उन्हाळ्यात वारा सुटला की ती माती घरात येते. आमच्या गाडीत तारापूर एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या कंपनीचे एक भाऊ होते. ते त्या डोंगराकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडे नाल्याचे पाणी, यांच्याकडे ही माती."

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात गल्ली जागी झाली. डबे घेऊन बायका-माणसे मारिकुप्पम स्टेशनकडे धावत होती. बंगळुरूला कामाला जाणारी ही गाडी चुकली तर दिवसाचा रोज बुडतो. आमच्या वहिनी म्हणाल्या, "अगदी आपली डहाणू लोकल!"

निघताना आजोबांनी पुतण्याकरवी विचारले, तुमच्या वस्तीत वाचायला काय आहे? आम्ही म्हणालो, विहारात कपाट आहे, बाबासाहेबांचे खंड आहेत. "उघडता कधी?" यावर कुणी बोलेना, कारण किल्ली आमच्याच खिशात, आणि शेवटचे कपाट उघडले ते मागच्या जयंतीला.

येत्या रविवारी उघडायचे ठरले आहे. वाळवीचे औषध आणून ठेवले आहे.