कीटकांवरील बुरशींचे वर्गीकरण आणि डीएनए

कीटकांना रोग जडविणाऱ्या बुरशींचे नामकरण ही केवळ पंडितांची हौस आहे, असा समज होणे शक्य आहे. परंतु पीकरक्षणासाठी फवारावयाची बुरशी कोणत्या कीटकांस मारील आणि कोणांस सोडील, याची माहिती तिच्या नावाशीच निगडित असते. मेटारायझियम या वंशावरून हे चांगले कळून येते.

गव्हावरील भुंगेऱ्यांना मारणाऱ्या बुरशीचे वर्णन मेच्निकॉफ यांनी १८७९ साली केले. तीच पुढे मेटारायझियम ॲनिसोप्ली या नावाने प्रसिद्ध झाली. तिची बीजुके, म्हणजे सूक्ष्म प्रजननकण, कीटकाच्या अंगास चिकटून रुजतात. त्यांचे तंतू कवच भेदून आत शिरतात आणि अखेर मृत देहावर हिरव्या बीजुकांचा थर चढतो. या बीजुकांचा रंग, आकार व लांबी हीच वर्गीकरणाची प्रमुख साधने होती. मात्र ही लक्षणे थोडी असून निकटच्या जातींत ती एकमेकींत मिसळतात.

डीएनएच्या पद्धतीत निरनिराळ्या नमुन्यांतील एकाच जनुकाचा तोच भाग घेऊन त्यातील घटकांचा क्रम ताडून पाहतात. फरक जितके थोडे, तितके नाते सामान्यतः जवळचे. तथापि एकट्या जनुकाची साक्ष फसवी ठरू शकते. अनेक जनुकांची साक्ष जुळली म्हणजे जातींची सीमा निश्चित करता येते.

आफ्रिकेतील नायजर देशात मिळालेली एक टोळनाशक बुरशी प्रथम मेटारायझियम फ्लाव्होव्हिरिडी समजली गेली. २००० साली डीएनएच्या आधारे तिला ॲनिसोप्लीचा एक प्रकार मानण्यात आले. २००९ साली बिशॉफ, रेनर व हंबर यांनी अनेक जनुके तपासून ॲनिसोप्लीच्या समूहात नऊ जाती मानल्या आणि या बुरशीस मेटारायझियम ॲक्रिडम हा स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. ती प्रामुख्याने टोळ व नाकतोडे यांनाच मारते. याउलट त्याच समूहातील रॉबर्टसी ही जाती नाना प्रकारच्या कीटकांवर वाढते. २०२० साली सोमालियात टोळांविरुद्ध ॲक्रिडमचाच उपयोग करण्यात आला. त्याच वर्षी टोळांचे थवे विदर्भातही येऊन पोहोचले होते.

यावरून एक व्यावहारिक सावधगिरी निष्पन्न होते. २००९ पूर्वीच्या लेखांतील ‘ॲनिसोप्ली’ या नावामागे आजच्या कोणत्याही निराळ्या जातीचा नमुना असू शकतो. म्हणून त्यांतील निष्कर्ष शेतीस लावण्यापूर्वी मूळ नमुन्याची ओळख पुन्हा पटवून घेणे अगत्याचे आहे.