ब्रेकचा लाल दिवा: आधी फॉल्ट शोधा, मग पार्ट बदला



गॅरेज किंवा ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकायचं म्हणताय? मग हे लिहून ठेवा: गिऱ्हाईक पैसे पार्टचे देतं, पण परत येतं ते तुम्ही फॉल्ट बरोबर शोधला म्हणून.

मी हे चुकून शिकलो. दुकानाला चारच महिने झाले होते. एक काका गाडी घेऊन आले. हँडब्रेक खाली, तरी मीटरमध्ये ब्रेकचा लाल दिवा चालू. ऑइल पुरेसं होतं. मी काही न तपासता ऑइलच्या डबीचा सेन्सर बदलला, ७०० रुपये घेतले. दिवा विझला, मी खूश! तिसऱ्या दिवशी गाडी खड्ड्यात आदळली आणि दिवा परत लागला. काका म्हणाले, "अरे, तू दुरुस्ती केलीस की अंदाज बांधलास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता सर्किट समजून घ्या. साध्या गाड्यांत चावी ऑन केली की दिव्याला प्लस मिळतो. अर्थ मिळतो दोन ठिकाणांहून: हँडब्रेकचा स्विच आणि डबीतला लेव्हल सेन्सर. दोघांपैकी एकाने जरी अर्थ दिला, तरी दिवा लागतो. म्हणून तपासायचा क्रम असा:

१. आधी ऑइल बघा. कमी असेल तर वायरिंगला हात लावू नका. गळती आहे का, पॅड झिजलेत का, ते पाहा. नुसतं ऑइल भरून गाडी सोडणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ.

२. हँडब्रेक खाली ठेवून डबीचा कनेक्टर काढा. दिवा विझला तर फ्लोट अडकलाय किंवा सेन्सर गेलाय.

३. नाही विझला? हँडब्रेक स्विचची वायर काढा. आता विझला तर स्विच अडकलाय किंवा त्याची सेटिंग हललीय.

४. तरीही चालूच? मग वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. बॅटरीची मायनस आणि मीटरचा कनेक्टर काढा, मल्टिमीटरने वायर ते बॉडी कंटिन्युइटी बघा. वायर हलवत बघा, म्हणजे लपलेला शॉर्ट सापडतो.

सोबत एबीएसचा दिवाही असेल, तर स्कॅनर लावा. नव्या गाड्यांत सिग्नल मॉड्यूलमधून जातो, तिथे आधी वायरिंग डायग्राम बघा.

काकांच्या गाडीत काय निघालं? हँडब्रेकच्या ब्रॅकेटला घासून वायर सोलली होती. धक्का बसला की बॉडीला टेकायची. पहिल्यांदा दिवा विझला तो निव्वळ योगायोग! वायर जोडून वर स्लीव्ह चढवली, ७०० रुपये परत दिले आणि फक्त मजुरीचे १५० घेतले. त्या दिवशी खिशाला झळ बसली, पण काका आजही माझ्याकडेच येतात.

तेव्हापासून दुकानात बोर्ड आहे: 'तपासणीचा चार्ज वेगळा.' तो मागायला लाजू नका. फक्त काय तपासलं, काय सापडलं, ते गिऱ्हाइकाला उभं करून दाखवा. अंदाजाचे पैसे कोणी आनंदाने देत नाही, कामाचे देतात.

तुमच्या धंद्यात असा 'अंदाज' कधी महागात पडलाय? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!