पहिल्या पानावरचा फराळ

आमच्या ताईने गेल्या पाच वर्षांत किती चकल्या पाडल्या असतील, याचा हिशेब भाऊजींच्या वहीत सापडेल. पण त्यांतली एकही चकली गूगलला ठाऊक नव्हती, ही गोष्ट ध्यानात यायला आम्हांला तीन दिवाळ्या लागल्या.

त्याचे असे झाले. भाऊजींचा शनिवार पेठेत लग्नपत्रिका छापण्याचा लहानसा उद्योग होता. २०२० साली टाळेबंदी आली. लग्ने पन्नास माणसांत उरकू लागली, पत्रिका फोनवरून जाऊ लागल्या, आणि तो उद्योग जो बसला तो बसलाच. मग ताईने कढई चढवली. पहिल्या वर्षी वाड्यातली आणि नात्यातली गिऱ्हाइके होती. त्यांनी कौतुकही केले आणि घासाघीसही. पण दिवाळीच्या आधीच्या चार-पाच आठवड्यांत जे हाती येईल, त्यावरच भाच्याच्या इंजिनिअरिंगची फी भरायची, म्हटल्यावर आप्तेष्टांचे कौतुक पुरेना. भाच्याने २०२२ मध्ये वेबसाइट तयार केली. (वर्गात मी तिला संकेतस्थळ म्हणतो, घरात तसे म्हटले की भाचा हसतो.) साइट देखणी होती, आणि तिच्याकडे कोणी फिरकत नव्हते.

२०२३ च्या श्रावणात एक तरुण गृहस्थ ताईकडे आले. बोलणे मोठे गोड. "काकू, पंधरा दिवसांत तुम्हांला पहिल्या पानावर आणतो," असे त्यांनी सांगितले आणि अठरा हजार रुपये घेतले. पंधरा दिवसांनी साइट खरोखरच थोडी वर आली. ताईने मला फोन करून पेढे खायला बोलावले. नवरात्रात मात्र ती अशी दिसेनाशी झाली, की ताईच्या फराळाचे पूर्ण नाव घालून शोधले तरी सापडेना. गृहस्थांचा फोन बंद. दिवाळी बारा नोव्हेंबरला, आणि डाळीचे पीठ दळून आलेले.

त्या रात्री भाचा आणि मी साइट उघडून बसलो. पानाच्या तळाशी बरीच पांढरी जागा होती. भाच्याने तिच्यावरून सहज माउस ओढला आणि पांढऱ्यावर पांढरी अक्षरे उमटली. 'फराळ पुणे, स्वस्त फराळ पुणे, उत्तम चकली पुणे, चकली स्वस्त पुणे...' असा शेकडो शब्दांचा जप, आणि मधूनमधून पुण्यातल्या प्रसिद्ध मिठाईवाल्यांची नावे. माणसाला दिसू नये आणि यंत्राने वाचावे, म्हणून ही योजना! शिवाय परदेशातल्या कुठल्या जुगाराच्या आणि बुटांच्या साइटींवरून ताईच्या साइटकडे बोट दाखवणारे दुवे विकत घेतलेले. ताई शेजारी उभी होती. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे मी जुगारवाल्यांची गिऱ्हाईक झाले का रे?"

या युक्तीची शिक्षा मोठमोठ्यांनाही झालेली आहे. बीएमडब्ल्यू ही जगप्रसिद्ध मोटार कंपनी. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने तिची जर्मन साइट आपल्या यादीतून काढून टाकली होती. यंत्राला एक पान दाखवायचे आणि माणसाला दुसऱ्याच पानावर न्यायचे, असा प्रकार तीत आढळला होता. पुढे एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' या नावाची सुधारणा आली, ती अशा विकतच्या दुव्यांचा समाचार घेण्यासाठीच. कोणालाही पहिल्या क्रमांकाची हमी देता येत नाही, असे तर गूगल स्वतःच आपल्या मार्गदर्शनात बजावून सांगते. आम्ही ते आधी वाचले असते, तर अठरा हजार वाचले असते.

मग मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. मराठीच्या प्राध्यापकाने हा उद्योग का करावा, असे माझ्या एका सहकाऱ्याने विचारलेही. पण थोडे वाचल्यावर मला वाटू लागले, की हा विषय आमच्याच घरातला आहे. पुण्याच्या शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची प्रचंड सूची केली, आणि पुढे १९३८ ते १९५० पर्यंतची. शोधयंत्र हा असाच एक सूचीकार आहे. त्याचे हेर, ज्यांना या व्यवसायात 'कोळी' म्हणतात, एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या धाग्याने फिरत असतात आणि जे वाचता येईल त्याची नोंद करतात. आपण शब्द टाकतो तेव्हा यंत्र जगभर धावत सुटत नाही. ते आपल्या सूचीत पाहते. सूचीत नाव नसेल, तर फराळ कितीही खमंग असो, तो नाही म्हणजे नाही.

आता सूचीत हजारो फराळवाले असले, तर वर कोणाला बसवायचे? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल काढले, ते या प्रश्नाच्या उत्तरावर. विद्वानांच्या लेखात दुसऱ्या लेखांचे संदर्भ असतात; ज्याचा संदर्भ पुष्कळांनी दिला तो लेख महत्त्वाचा. यूजीन गारफील्ड यांनी अशा संदर्भांची सूची १९६४ मध्येच प्रसिद्ध केली होती. या दोघांनी तोच न्याय पानांना लावला. एका पानाने दुसऱ्याकडे दुवा दिला, की ती एक साक्ष. मात्र साक्षीदाराची पत जेवढी, तेवढेच साक्षीचे वजन. या पद्धतीला 'पेजरँक' म्हणतात. त्यातले पेज हे पेजसाहेबांचे आडनाव, आणि पान हा सोयीस्कर योगायोग.

पुणेकराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बाजीराव रस्त्यावर कोणालाही पत्ता विचारा. तो "चितळ्यांच्या पुढे", "चितळ्यांच्या अलीकडे" असे सांगणार. चितळ्यांनी यासाठी कोणाला पैसे दिलेले नाहीत. लोक बोट दाखवतात म्हणून ती खूण झाली आहे. आज गूगल आणखी कितीतरी गोष्टी पाहते, पण ताईच्या साइटकडे बोट दाखवणारे सगळे जुगारी होते, हे दुखणे मुळात आपल्याला कळण्यासारखेच आहे.

आम्ही आधी घर झाडले. पांढरी अक्षरे पुसली. विकतचे दुवे आमचे मानू नयेत, अशी यादी गूगलकडे धाडली. साइटच्या मालकासाठी गूगलचे एक फुकट दालन असते, सर्च कन्सोल नावाचे. त्यात ताईच्या साइटवर कारवाई झाल्याची नोटीस किती दिवस पडून होती. कोणी उघडलीच नव्हती. फेरविचाराचा अर्ज करायचा होता, तो मी लिहिला. पस्तीस ओळींचा. भाच्याने तो वाचला आणि म्हणाला, "मामा, हा माफीनामा आहे की निबंध?" त्याने तो सहा ओळींत आणला. काय चुकले, काय काढले, पुन्हा करणार नाही, बस्स. दोन-अडीच आठवड्यांनी कारवाई उठली, पण तोवर लक्ष्मीपूजन होऊन गेले होते. त्या वर्षी फीसाठी ताईने पाटल्या गहाण ठेवल्या. मला हे नंतर भाऊजींकडून कळले.

पुढचे काम मात्र मोठे मजेचे होते, आणि थोडे अवघडही. पदार्थांची यादी भाऊजींनी स्वतः मांडली होती. वर श्री, चारही बाजूंना वेलबुट्टी, अगदी लग्नपत्रिकाच! पण ती होती चित्ररूपात. चित्रातली अक्षरे यंत्राने वाचावीत असा भरवसा धरता येत नाही. तीच अक्षरे भाऊजींच्या मूळ फाइलीतून उचलून साइटवर ठेवावी म्हटले, तर 'अनारसे'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उमटली. कारण जुन्या छपाईच्या फाँटांत प्रत्येक कारागिराने अक्षरांना आपापले आकडे दिलेले होते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तीत देवनागरीला जागा होती. पण आमच्याकडे तो प्रघात पडायला फार वर्षे गेली. मराठी वर्तमानपत्रांच्या साइटीसुद्धा पुष्कळ काळ अशा खासगी आकड्यांत होत्या. माणसांना त्या वाचता येत होत्या, सूचीकाराला नाही. तेवढ्या वर्षांचे मराठी लेखन शोधणाऱ्याच्या दृष्टीने जणू लिहिलेच गेले नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

त्यातही एक खोच आहे. 'पुऱ्या' या शब्दातला पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. आतले आकडे मात्र निराळे. भाच्याने एका रीतीने लिहिले होते, मी दुसऱ्या. आमच्याच साइटवर आमच्याच पुऱ्या शोधल्या, तर निम्म्या सापडत होत्या!

भाऊजींना कसे सांगावे, हा प्रश्न होता. आम्ही पुणे घाईघाईने नकाशावर दाखवले. त्यांच्या जुन्या छापखान्याची नोंद तिथे अजून होती, आणि तिच्याखाली लाल अक्षरांत 'कायमचे बंद'. त्या पत्त्यावर फराळ शोधणाऱ्याला पहिल्याप्रथम हेच दिसत होते. भाऊजी काही वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, "मला तो नवा कीबोर्ड दाखवा." सारी यादी त्यांनी नव्याने टंकली. एकही चूक नाही. नकाशावर फराळाची स्वतंत्र नोंद केली, तीही फुकट. जवळपासचे काही शोधणाऱ्याला काय दाखवायचे, हे ठरवताना विषय जुळतो का, अंतर किती आणि नाव कितपत आहे, या तीन गोष्टी पाहतात, असे गूगल सांगते. पेठेत राहण्याचा फायदा भाडे भरताना कधी जाणवला नव्हता, तो इथे जाणवला.

पाटी रंगवणे माझ्याकडे आले. प्रत्येक पानाला एक शीर्षक असते आणि शोधाच्या यादीत तेच ठळकपणे दिसते. ताईच्या पहिल्या पानाचे शीर्षक होते 'होम'. जगात या नावाची किती पाने असतील, देव जाणे. मी लिहिले, 'रुचकर, सात्त्विक व परंपरानिष्ठ दीपावली-उपाहार'. ताईने विचारले, "असं कोण मागतं रे वाण्याकडे?" मी गप्प बसलो. शेवटी शीर्षक ठरले ते 'घरगुती दिवाळी फराळ, शनिवार पेठ, पुणे'. अस्सल पुणेरी पाटीत आत काय मिळते एवढेच असते, आणि काय मिळत नाही तेही. म्हणून खाली घातले, 'साखरेचे अनारसे करत नाही'. पानाच्या पोटात शोधशब्दांची गुप्त यादी ठेवायची जुनी चाल आम्ही सोडून दिली. ती यादी आपण पाहतच नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

पण साइट खरोखर चालू लागली ती एका शब्दामुळे. दर वर्षी ताईला बायकांचे फोन येत: "अहो, माझे अनारसे हसले!" तुपात सोडलेला अनारसा फुटून विखुरला, की तो 'हसला' म्हणायचे. भाषा शिकवून केस पिकले, तरी या क्रियापदापुढे मी दर वेळी हात जोडतो. भाचा म्हणाला, "आई, फोनवर सांगतेस तेच लिही." ताई सांगत गेली, मी उतरवून घेतले, आणि एकही शब्द सुधारला नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे. कपड्यावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे. गूळ मिसळून गोळा चार-पाच दिवस ठेवायचा. गूळ जास्त झाला किंवा पीठ फार ओले राहिले, की अनारसा हसतो. म्हणून थोडे कोरडे पीठ बाजूला ठेवायचे आणि हसू लागला की ते मळून घ्यायचे. खसखशीची बाजू वर, आच मंद, उलटायचा नाही. वर शीर्षक, 'अनारसे का हसतात?'

एका जुन्या विद्यार्थिनीने आपल्या पाककृतींच्या पानावरून त्याकडे दुवा दिला, मग परदेशातल्या एका मराठी मंडळाने. कोणाला पैसे दिले नाहीत. २०२४ च्या दिवाळीत 'फराळ पुणे' या शोधात ताई पहिल्या पानावर नव्हती, आजही नाही. तिथे मोठी दुकाने आहेत आणि ती राहणारच. पण हसलेल्या अनारशांच्या शोधात ती वर होती, आणि ते वाचायला आलेल्या बायका खाली उतरून पीठ मागवत होत्या. पाटल्या त्या कार्तिकातच घरी आल्या.

या क्षेत्रात स्वस्थ बसता येत नाही, हेही खरे. ऑगस्ट २०२४ पासून गूगल आपल्याकडेही काही शोधांना यादीच्या वर स्वतःच रचलेले उत्तर दाखवू लागले आहे. कोरडे पीठ मळण्याचा उपाय भाच्याला एकदा तिथे आयता लिहिलेला दिसला. ताईच्या पानापर्यंत उतरायचे कारणच उरले नाही. भाचा चिडला. ताईने तो मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाली, "ह्यात मंद आच सांगितलीच नाहीये."

परवा रात्री दहा वाजता मी तिच्याकडे गेलो, तर ती फोन खांद्याशी धरून झारा हलवत होती. इंदूरहून कोणी बाई बोलत होत्या, चांगल्याच घाबरलेल्या. "आधी गॅस बारीक करा," ताई म्हणत होती, "आणि तो कढईतला काढून टाका, त्याच्यावर तूप घालू नका. कोरडं पीठ ठेवलंय ना बाजूला? नाही?" तिने भाऊजींकडे पाहिले. भाऊजींनी वही उघडली आणि तारखेखाली 'इंदूर' असे लिहून पुढची जागा मोकळी सोडली.