कारंज्याचे स्थानक आणि शकुंतला



कारंजा हे गाव भाविकांना नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे, व्यापाऱ्यांना कापसाची पेठ म्हणून. मी आज बोलणार आहे ते तेथील आगगाडीच्या चिमुकल्या स्थानकाविषयी. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून निराळा झाला. स्थानक त्याहून पुष्कळच वडील.

मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरांचा फाटा १९०३ च्या सुमारास वऱ्हाडातील कापसासाठी घातला गेला. येथील कापूस मुंबईस आणि तेथून बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. मुख्य मार्गावर मात्र साडेपाच. अर्थातच प्रत्येक गठ्ठा मूर्तिजापुरास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढविणे आले. हा खटाटोप पत्करला, कारण अरुंद मार्गाला रूळ हलके, पूल लहान आणि भांडवल थोडे लागते. पैसा सरकारचा नसून किलिक निक्सन या पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा होता.

यातूनच पुढील नवल घडले. १९५१ साली देशातील आगगाड्यांची नवी सरकारी मांडणी झाली, पण हा फाटा कंपनीच्याच मालकीचा राहिला! गाडी चालवावी मध्य रेल्वेने आणि मोबदला घ्यावा कंपनीने, असा व्यवहार दशकानुदशके चालला.

लोकांनी मात्र गाडी आपलीच मानली आणि तिला ‘शकुंतला’ म्हटले. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. मग डिझेल आले. नोकरवर्ग इतका थोडा की तिकिटे देणारा, सिग्नल पाहणारा आणि डबे सोडविणारा पुष्कळदा एकच मनुष्य असे. वेग विचारू नये. माझे विद्यार्थी उशिरा आले की शकुंतलेचे नाव सांगत, आणि ते खोटे आहे असे मला कधी सिद्ध करता आले नाही.

आता त्या रुळांवर ती धावत नाही.

वेल्समध्ये टॅलिल्लिन नावाचा असाच एक अरुंद मार्ग आहे. १८६५ साली तो पाटीच्या दगडासाठी झाला. तेथील आगगाड्या १९४८ साली सरकारी झाल्या, तेव्हा तोही असाच वगळला गेला. १९४६ साली खाण बंद पडली होती. मालक वारल्यावर मार्गही मोडीत निघाला असता. परंतु १९५१ साली हौशी मंडळींनी तो चालविण्यास घेतला. टविन गावच्या स्थानकावर आजही तिकीट मिळते आणि गाडी सुटते.

आमची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे खाणच बंद पडली. येथे कापूस संपलेला नाही, तो मालमोटारींतून जातो. यवतमाळच्या शेतकऱ्याला व रुग्णाला रुंद मार्गाची गाडी हवी आहे आणि ती हौसेची गाडी नव्हे. म्हणून रुंद मार्गाच्या मागणीपत्रावर मी सही केली. नवा मार्ग टाकताना कारंज्याची जुनी इमारत व निदान फलाटापुरते अडीच फुटी रूळ राखावेत, असा दुसरा अर्ज मी स्वतः लिहिला आहे. पहिल्यावर पुष्कळ सह्या मिळाल्या. दुसऱ्यावर, हे बोलत असताना, अकरा आहेत.