मॅक नवा घेतलाय? सॉफ्टवेअरवर लगेच पैसे घालू नका!

विंडोज सोडून मॅकवर आलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते : जुन्या हार्ड डिस्कमधल्या फाइल दिसतात, पण तिच्यात नवे काही साठवता येत नाही. डिस्क बिघडलेली नसते. विंडोजच्या ‘एनटीएफएस’ पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क मॅक फक्त वाचतो. त्यावर विकतची सॉफ्टवेअर मिळतात. पण मॅकमधल्याच ‘डिस्क युटिलिटी’ने ती ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केली, की दोन्हीकडे चालते. मात्र, फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचे सगळे पुसले जाते. लग्नाचे फोटो तिच्यातच असतील, तर आधी दुसरीकडे कॉपी करा.

ऑफिससाठी दरवर्षी पैसे भरायचे नसतील, तर मोफत ‘लिबरऑफिस’ घरच्या कामाला पुरते. वर्ड-एक्सेलच्या फाइल त्यात उघडतात. क्लिष्ट मांडणी कधीकधी विस्कटते, त्यामुळे बायोडाटा पीडीएफ करूनच पाठवलेला बरा. पीडीएफवर सही मॅकमधल्या ‘प्रीव्ह्यू’मध्येच करता येते. व्हिडिओसाठी ‘व्हीएलसी’ आहेच. आरएआर फाइल उघडत नसेल, तर ‘केका’ घ्या. गंमत म्हणजे ते ॲप स्टोअरवर विकत, तर स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत मिळते! मराठी टायपिंगसाठीही वेगळे काही नको. सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड’मध्ये जाऊन मराठी जोडा.

‘तुमच्या मॅकमध्ये व्हायरस आहे, क्लीनर घ्या’ असा इशारा ब्राउझरमध्ये झळकला, तर सरळ टॅब बंद करा. वेबपानाला तुमचा संगणक तपासता येत नाही. कोणतेही सॉफ्टवेअर ॲप स्टोअरवरून किंवा ते बनवणाऱ्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या.