रस्ता भलतीकडेच ओलांडला, तर भरपाई बुडते का?

झेब्रा क्रॉसिंग सोडून मधूनच रस्ता ओलांडला आणि गाडीने उडवले, की घटनास्थळीच निकाल लागतो: ‘चूक त्याचीच!’ कायदा इतका घाईचा नाही.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोघांचाही निष्काळजीपणा तोलते. भरपाई 10 लाख ठरली आणि पादचाऱ्याची चूक 30 टक्के मानली, तर 7 लाख मिळतात. दावा बाद होत नाही. शिवाय ही चूक नुसती सांगून भागत नाही. विमा कंपनीला ती पुराव्याने दाखवावी लागते. लहान मुलांच्या माथी तर न्यायालये असा दोष सहसा मारत नाहीत. आणि आपल्याकडे पदपथावर फेरीवाले, दुचाक्या नि खड्डे असताना माणसाने चालायचे तरी कुठून, हा प्रश्न उरतोच.

दुसरी वाटही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये चूक कोणाची हे सिद्धच करावे लागत नाही. मृत्यू झाल्यास 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. मात्र ही रक्कम स्वीकारली, की कलम 166 खालचा, म्हणजे वर सांगितलेला, मोठा दावा संपतो, म्हणून सही करण्याआधी वकिलाला विचारा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून अनुक्रमे 2 लाख आणि 50 हजार मिळतात.

कलम 166 च्या दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. म्हणून एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत लगेच मिळवून ठेवा.